बाबालाल मास्तरांची संथ

बाबालाल मास्तरांनी आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून आ वासला आणि वरचा पुढचा दात जिभेनं ढकलून दाखवला. दात मुळापासून हलला.

“बघितलास मालन? ह्यो गेला,” ते म्हणाले. “शेजारचा जायाच्या वाटंवर हाय. डॉक्टर म्हणतोय, एकेक कशाला, समदं काढून कवळीच बसवू. तुझ्या लग्नात वाजवतो आन् सोमवारी सकाळी सांगलीला जाऊन तोंड रिकामं करून येतो.”

“मग वाजवणार कसं?” मी विचारलं.

“वाजवायचं न्हाईच. क्लॅरनेट वरच्या दातावर टेकतंय. कवळीवर सूर ठरत न्हाई. तुझी वरात शेवटची.”

हे सांगून त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर घालू लागले, जणू दुसऱ्याच कुणाचे दात जाणार होते. माझ्या बोटात सुई घुसली ती मात्र खरी.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यातली. मी बावीस वर्षांची होते, लग्न आठ दिवसांवर आलं होतं, आणि विट्याच्या तीन बत्ती चौकात अप्पांच्या दुकानात बसून मी मास्तरांच्या गुलमोहर ब्रास बँडच्या नव्या लाल कोटांना सोनेरी बटणं लावत होते. अप्पा म्हणजे माझे वडील, दत्तोबा पोरे. गुलमोहरचे कोट तेच शिवायचे. खाली दुकान, वर आमचं घर, आणि घराची गॅलरी बरोबर चौकावर. गावातली कुठलीही वरात चौकात आली की थांबणार, कारण तिथंच काय ती नाचायला ऐसपैस जागा. तेव्हा गुलमोहरचा बँड मी जन्मापासून फुकटात आणि वरून ऐकत आले होते.

सतराव्या वर्षी थोरल्या मामांनी त्यांचा जुना टेप दिला आणि मला नाद लागला. माईकच्या वायरीला लेंग्याची नाडी बांधायची, गॅलरीतून माईक खाली सोडायचा, चौकातल्या पिंपळपाराच्या बरोबरीला आणायचा आणि बटण दाबायचं. वरात पुढं गेली की नाडी ओढून घ्यायची. पाच वर्षांत शहाण्णव कॅसेटी झाल्या. दोऱ्याच्या रिळांच्या खोक्यात त्या ओळीनं लावलेल्या असत, आणि सोबत एक जाडजूड वही: क्रमांक, तारीख, कुणाची वरात, काय काय वाजलं, कोण चुकलं. आत्या म्हणायची, पोरी रुमाल भरतात, ही वरातींच्या नोंदी करते, हिला कोण करून घेणार. पण ऐकायला माणसं यायची. सगळ्यात जास्त कोण यायचं, तर बँडवालेच. बिचाऱ्यांना आपण रस्त्यावर काय वाजवलं ते कधी धड ऐकूच येत नाही. पाठीमागे ढोल, कानाशी ट्रम्पेट, समोर नाचणारी पोरं. कामावरून सुटले की आमच्या माडीवर बसायचे आणि स्वतःचंच वाजवणं ऐकून एकमेकांना शिव्या द्यायचे.

या शहाण्णव कॅसेटींत एक दुखरी जागा होती. मास्तरांनी स्वतः बांधलेली एक चाल होती. तिला नाव नव्हतं. बँडवाले नुसतं ‘संथ’ म्हणायचे. ढोल-ताशा बंद, एकटं क्लॅरनेट सुरू व्हायचं आणि चौकातल्या भजीवाल्याचा झारा हातातल्या हातात राहायचा. दुसऱ्या भागात बाकीची वाद्यं हळूच खालून यायची. मग तिसरा भाग यायचा, असं सगळे धरून चालले होते. पण घोडं इथंच पेंड खायचं. वरातीत संथ चालेल कशी? दोन मिनिटांत कुणीतरी टॉवेल फिरवत ओरडणार, “फास्ट घ्या!” आणि मास्तर मुकाट्यानं फास्ट घेणार. चौदा वेळा मी ती टेप केली होती आणि चौदा वेळा वहीत लिहिलं होतं, ‘अपुरी’. सगळ्यात लांब सापडली ती सहा मिनिटांची, तीही नवरदेवाची जीप बंद पडली म्हणून. तिसरा भाग काय असेल यावर आमच्या माडीवर तासन्‌तास वाद व्हायचे. मास्तरांना विचारलं तर ते हसून म्हणायचे, “आईक की कधीतरी सवडीनं.”

आता सवड संपली होती. आणि शेवटची वरात नेमकी माझी. त्या दिवशी गॅलरीत मी नसणार, मी खाली शालू नेसून जीपमध्ये असणार. आत्याला बटण दाबायला शिकवून पाहिलं. तिनं अर्धा तास माईक तोंडाशी धरून “कोण बोलतंय?” विचारलं. तेव्हा मी तो नाद सोडला.

नवऱ्या मुलाविषयी सांगायचं राहिलंच. सदानंद बोंगाळे, इस्लामपूरचे, दूध संघात दुधाचं फॅट तपासायच्या नोकरीला. मला बघायला आले तेव्हा त्यांनी पोहे खाल्ले, पाणी प्याले आणि रिळांच्या खोक्यांकडे बघत बसले. मोठ्या माणसांनी आम्हाला दहा मिनिटं बोलायला सोडलं. बोलायला काही सुचेना म्हणून मी वही पुढं केली. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली. दहा मिनिटांतली नऊ त्यातच गेली. शेवटी विचारलं, “हे ‘अपुरी, अपुरी’ काय आहे?” मी सांगितलं. ते “अस्सं” म्हणाले. आत्यानं दार वाजवलं. झालं, एवढंच आमचं बोलणं. आत्या म्हणाली, मुलगा मुखदुर्बळ आहे. मला वाटलं, मुखदुर्बळ नाही, याला यातलं काही गम्य नाही.

बैठकीत एक बारीक कुसळ राहिलं होतं. सदानंदांचे चुलते, तात्या बोंगाळे, सुपारी फुटताना हळूच म्हणाले होते, की पोरगं रोज सायकलनं दूध संघात जातंय, स्कूटर असती तर बरं झालं असतं. अप्पा नम्रपणे म्हणाले होते की तेवढी ऐपत नाही. विषय तिथं संपला, पण आमच्या घरात तो कुणाच्या मनातून गेला नाही.

रविवार उजाडला. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि वऱ्हाडाला इस्लामपूर गाठायचं म्हणून उन्हं उतरायच्या आधीच वरात निघाली. मीही हातावर हात ठेवून बसले नव्हते. मामांनी लग्नात मला आणखी एक छोटा टेप दिला होता, विटेएवढा, आतच माईक असलेला. नवरीच्या ओटीत नारळ, तांदूळ, खण, हळकुंडं असतात. त्या सगळ्याच्या खाली मी तो ठेवला आणि वर पदर घेतला. नवरीच्या ओटीकडे कोण निरखून बघतं? जरा जड भरलीय, एवढंच बायका म्हणाल्या.

तीन बत्ती चौकात जीप थांबली. समोर आमची गॅलरी, तिथं शेजारच्या बाया दाटीनं उभ्या. नवे लाल कोट घातलेला गुलमोहर बँड गोल झाला. मास्तरांनी माझ्याकडे एकदा बघितलं, ढोलवाल्याला हातानं थांबवलं आणि संथ सुरू केली. मी ओटीतल्या ओटीत बटण दाबलं.

काय वाजवत होते त्या दिवशी. पहिला भाग संपेपर्यंत मी श्वास घेतला की नाही आठवत नाही. दुसऱ्या भागाचे चार-सहा सूर आले, आणि इस्लामपूरकडच्या पोरांतला एकजण टॉवेल फिरवत पुढं आला. “ओ मास्तर, मयत हाय का वरात? फास्ट घ्या!” तात्यांनीही मागून हात फिरवला. मास्तरांनी क्लॅरनेट ओठांवरून काढलं, पुसलं, आणि ताशा कडाडला.

मी बटण बंद केलं. टचकन डोळ्यांत पाणी आलं आणि थांबेना. आत्यानं लगबगीनं येऊन माझे डोळे पुसले, “माहेर सुटतंय गं बाईचं” म्हणून आपणही रडून घेतलं. मी काही तिला दुरुस्त केलं नाही.

सदानंद शेजारी सरळ बसून होते. त्यांनी बटणाचा आवाज ऐकला असावा, कारण ते एकदा माझ्या ओटीकडे आणि एकदा माझ्या तोंडाकडे बघताना मला दिसले. मग त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला, मांडीवर ठेवला आणि हाताची घडी घातली.

“तात्या,” ते म्हणाले, “मी रुसलोय.”

जावयानं रुसायचं आणि त्याला काहीतरी देऊन उठवायचं, ही आपल्याकडची जुनी सोय आहे. पण रुसायचं ते पंगतीत, पानावर बसून. भर चौकात, जीपमध्ये, फेटा काढून रुसलेला नवरदेव विट्यानं तोवर पाहिला नव्हता. ताशा थांबला. नाचणारे थांबले. बातमी मागं पोचेपर्यंत अप्पा गर्दीतून वाट काढत आले, स्वतः शिवलेल्या नव्या कोटाची सगळी बटणं लावून, हात जोडून.

“जावईबापू, काय चुकलं आमचं?”

सदानंद बोलेनात. तात्या मात्र खुलले. म्हणाले, पोरगा तसा मुका आहे, पण त्याच्या मनातलं आम्हाला कळतं, अप्पांनाही कळत असेल. रोज सायकलनं जायचं म्हणजे. अप्पांचा चेहरा उतरला. ते मान खाली घालून म्हणाले, “दिवाळीपर्यंत कायतरी बघतो.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. नऊ मिनिटं माझी वही वाचणारा माणूस हाच का? मला वाटलं, ओटीतला नारळ काढावा आणि याच्याच मांडीवरच्या फेट्यावर फोडावा.

“स्कूटर नको,” सदानंद म्हणाले.

“मग काय पाहिजे ते बोल की लेका,” तात्या म्हणाले.

“मघाशी क्लॅरनेटवर चाललं होतं ते ऐकायचंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधी कुणी नाचायचं न्हाई, कुणी बोलायचं न्हाई. तवर जीप हलणार न्हाई.”

चौकातला भजीवाला मोठ्यानं हसला. तात्यांनी पुतण्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

“आरं, असल्यासाठी रुसतंय व्हय कोण?”

“रुसवा माझा हाय तात्या. कशासाठी रुसायचं ते मीच ठरवणार.”

मी लग्न लागल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. उन्हानं रापलेलं कपाळ, फेट्याचा लाल वळ, आणि कान तर चांगलेच मोठे. मला एकदम तो माणूस आवडला. हे मी आजवर त्यांना सांगितलेलं नाही, पण घडलं ते तिथंच.

आता मास्तर खूश होऊन सुरू करतील असं सगळ्यांना वाटलं. ते क्लॅरनेट काखेत मारून जीपजवळ आले आणि माझ्या बाजूनं वाकले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“मालन,” ते कुजबुजले, “जावयाला उठव बाई. तिसरा भाग न्हाई.”

“न्हाई म्हंजे?”

“म्हंजे मी केलेलाच न्हाई. वीस वर्सांत कुणी तिथवर जाऊ दिलं न्हाई, मग करून कुठं वाजवू? तुमी माडीवर वाद घालायचा, मला बरं वाटायचं. म्हणून बोललो न्हाई.”

चौदा नोंदी. चौदा वेळा ‘अपुरी’ लिहिलं, ते आम्हाला ऐकू आली नाही म्हणून. चालच अपुरी असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हाताऱ्याचा राग यावा की दया, मला कळेना. आणि त्या दोन्हींच्या आधी हसूच यायला लागलं.

सदानंदांनी खालच्या आवाजात विचारलं काय झालं. मी सांगितलं. त्यांनी मांडीवरचा फेटा हातात घेतला.

“मग फेटा घालू का परत? मास्तरांची लाज तरी राहील. तुम्ही म्हणाल तसं करतो.”

एवढ्या गर्दीत, आख्ख्या गावासमोर, काय करायचं ते मी ठरवायचं होतं. फेटा घातला असता तर कुणालाच काही कळलं नसतं. मास्तर सुटले असते, वरात वेळेवर पोचली असती, आणि दुसऱ्या दिवशी सांगलीला त्यांचे दात निघाले असते. वीस वर्षांचं अर्धं काम अर्धंच राहिलं असतं आणि वर आम्ही सगळे म्हणत बसलो असतो, काय तो तिसरा भाग, ऐकायला हवा होता.

“मास्तर,” मी म्हटलं, आणि नवरी बोलली म्हणून बायका वळून बघायला लागल्या, “आज थांबवायला कुणी न्हाई. रुसवा हाय तवर जागा तुमची.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की आता शिवी देतात वाटलं. मग कोटाचं वरचं बटण काढलं, ते मीच लावलेलं होतं, आणि जाऊन मधोमध उभे राहिले.

मी ओटीतल्या ओटीत कॅसेट मागं गुंडाळली आणि पुन्हा टेप करायचं बटण दाबलं. पहिला भाग झाला. दुसरा झाला, नेहमीसारखा, नेहमीपेक्षा जरा हळू. आणि मग ते त्या जागेवर आले जिथून पुढं कुणीच कधी गेलं नव्हतं. क्लॅरनेट थांबलं. बँडवाले एकमेकांकडे बघायला लागले. टॉवेलवाल्या पोरानं तोंड उघडलं तर तात्यांनीच त्याचा टॉवेल धरून खाली बसवलं. सगळा चौक गप्प. कुठंतरी एक शेळी ओरडली, ती कॅसेटमध्ये आहे.

मास्तरांनी अगदी खालचा सूर लावला. तो धरून ठेवला, सोडला, परत धरला. अनोळखी गावात पत्ता विचारत हिंडावं तसं ते एकच वळण तीनदा घेऊन परत आले. मला भीती वाटली, आता सोडून देतात. चौथ्यांदा ते वळण त्यांना सापडलं आणि ते आत शिरले. पुढं काय झालं ते शब्दांत सांगता येत असतं तर मी टेप कशाला केलं असतं? एवढंच सांगते की ढोलवाल्यानं टिपरू खाली ठेवलं आणि नुसत्या बोटांनी ढोल धरला, अप्पा हात जोडलेलेच उभे राहिले, आणि आत्या या वेळी माझ्यासाठी रडत नव्हती.

नऊ मिनिटं. मग शेवटचा सूर बारीक होत गेला आणि मास्तर क्लॅरनेट तोंडाला लावूनच उभे राहिले, वाजवत नव्हते, काढतही नव्हते. संपलंय की थांबलंय, कुणालाच कळेना.

“झालं का?” सदानंदांनी मला हळूच विचारलं.

“माहीत न्हाई,” मी म्हटलं.

आणि तिकडून मास्तर म्हणाले, “झालं.” त्यांचं त्यांनाच नवल वाटल्यासारखं म्हणाले.

सदानंदांनी फेटा घातला. मग जो काय आरडाओरडा झाला त्यात सगळ्यात पुढं नाचायला तात्या बोंगाळे होते.

सोमवारी मास्तरांचे दात गेले. पंधरा दिवसांनी ते इस्लामपूरला आमच्या दारात हजर झाले, सोबत त्यांचा पुतण्या, त्याच्या काखेत क्लॅरनेट. बोळक्या तोंडानं म्हणाले, “मालन, ती कॅसेट लाव बघू. मी काय वाजवलं ते मला येत न्हाई.” तीन दिवस ते आमच्या ओसरीवर बसून स्वतःचा तिसरा भाग माझ्या टेपवरून शिकले आणि गुणगुणून पुतण्याला शिकवला. सासूबाईंनी तीन दिवस त्यांना मऊ भात आणि आमटी वाढली आणि तिसऱ्या दिवशी भांडी घासताना त्याही तेच गुणगुणत होत्या.

आता सगळा संग्रह इंटरनेटवर आहे, तीनशे बारा कॅसेटी, मीच एकेक करून चढवल्या. सत्त्याण्णव क्रमांकाची सगळ्यात जास्त ऐकली जाते. कुठली कुठली पोरं लिहितात, मॅडम, शेवटचं बोलणं आणि ती शेळी कापून टाका. मी त्यांना कळवते की आमच्याकडे कापाकापी होत नाही, शिंप्याच्या घरात जन्माला आले असले तरी.

पुतण्याकडून ती चाल त्या भागातल्या सगळ्या बँडांत गेली. आजही एखाद्या वरातीत ढोल-ताशा थांबतो आणि एकटं क्लॅरनेट सुरू होतं. आम्ही दोघं जिथं असू तिथं उभे राहतो. दोन मिनिटं होतात, कुणीतरी पुढं येतं आणि ओरडतं, फास्ट घ्या. तेव्हा आमचे हे जीपमधल्या नवऱ्या मुलाकडे मोठ्या आशेनं बघत राहतात. तेहतीस वर्षं झाली, अजून एकही रुसलेला नाही.